बाटली, बत्ती, बांध

५ ऑक्टोबर

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार पाकिटात मावत नाही, म्हणून नुसता नमस्कार पाठवते. बाकीचा भेटीत वसूल करा.

तुमच्या खुर्चीवर बसून मला आज सात महिने झाले. खुर्ची अजून डावीकडे कलते. सुतार दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा म्हणाला, खुर्ची सरळ आहे, फरशी वाकडी आहे. खात्याच्या मुख्य बाई म्हणतात, तुझे काका याच खुर्चीवर अठ्ठावीस वर्षं सरळ बसले. टोमणा खुर्चीला होता की मला, ते कळलं नाही.

आता कामाचं. २० नोव्हेंबरला माझा पहिला अंदाज द्यायचाय. पुढच्या वर्षी आपल्या विभागाला दारूवरच्या करातून किती मिळणार, वीज-इंधनावरच्या करातून किती, आणि मालक गेल्यावर वारसांकडे आलेल्या शेतजमिनीवरच्या करातून किती. तुमच्या भाषेत बाटली, बत्ती आणि बांध. तुम्ही ठेवलेली ही नावं ऑफिसात अजून चालतात. परवा बाई वरच्या साहेबांना फोनवर म्हणाल्या, "यंदा बांध कमी पडतोय," आणि त्यांना वाटलं कुठेतरी पूर आलाय.

बाबांनी विचारलं, तू दिवसभर करतेस तरी काय? मी म्हटलं, पुढच्या वर्षी लोक किती पितील, किती जाळतील आणि किती जमीनवाले मरतील, ते आधी सांगते. ते म्हणाले, "त्याला ज्योतिषी म्हणतात. आणि त्याला पैसेही बरे मिळतात."

हसण्यावारी नेते आहे, पण मनातून धास्तावले आहे. तुमचा अंदाज खरा ठरायचा. मी पहिल्याच वर्षी तोंडघशी पडले, तर लोक म्हणतील काकाच्या वशिल्यानं बसली. तुम्ही कसं करायचात ते सविस्तर लिहा. फोन करू नका. फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनानं भरता.

काकू कशी आहे? सोमवार-बुधवार-शुक्रवारचं डायलिसिस नीट चाललंय ना?

तुमची,
टाचणी


९ ऑक्टोबर

टाचणी,

अनेक आशीर्वाद, आणि खुर्चीच्या डाव्या पायाखाली एखाद्या जुन्या परिपत्रकाची चार पदरी घडी. त्या कागदाचा तेवढाच उपयोग आहे.

बाटलीसाठी दुकानदाराकडे जाऊ नकोस. धंदा बसला, एवढंच तो सांगणार. बाटलीवर चिकटवायची कराची चिठ्ठी जिथे छापतात त्या छापखान्यात जा आणि मागणी किती आली ते बघ. माणूस पिण्याबद्दल खोटं बोलतो, पण चिठ्ठी लावल्याशिवाय बाटली कारखान्याबाहेर पडत नाही. बत्तीसाठी ऑफिसच्या गच्चीवर चढ आणि आजूबाजूच्या छपरांवरची सोलर पॅनेलं मोज. मग वीजवाल्यांचे आकडे माग. आधी आकडे पाहिलेस तर डोळ्यांना तेच दिसेल.

बांध अवघड. त्याचे दोन भाग. एक म्हणजे पिकली पानं, ऐंशीच्या पुढचे जमीनमालक. त्यांची यादी करताना वयं वाचायची, नावं वाचायची नाहीत. मी पहिल्या वर्षी नावं वाचली आणि दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही. दुसरा भाग अडकलेल्या जमिनींचा. मालक जाऊन वर्षं झाली, वारसांच्या सह्या झालेल्या नाहीत. पुढच्या वर्षाची त्यांची वही मी निवृत्त होण्याआधीच माझ्या हातानं करून ठेवलीय, कपाटाच्या वरच्या खणात. त्यात सगळं स्वच्छ लिहिलंय. वेगळं काही सांगायची गरज नाही.

एकच गोष्ट कानात ठेव. ज्या आकड्यात आपलं स्वतःचं काही गुंतलंय, त्याला हात लावायचा नाही. दुसऱ्याकडे द्यायचा आणि आपण बाहेर जाऊन चहा प्यायचा.

काकू बरी आहे. केंद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर, म्हणून सगळं सोपं जातं. तिथल्या सहा खुर्च्यांपैकी दोन नंबरची तिची. खिडकीजवळची आहे, म्हणून त्या खुर्चीवर आणखी दोघींचा डोळा असतो. दिवसाला पाणी मोजून चार पेले, त्यात ती एक पेला माझ्याशी भांडून मिळवते.

तुझ्या बाबाला सांग, आजोबांच्या शेताच्या कागदावर सही करायला ये. चार वर्षं झाली. भांडण नाही, तंटा नाही, नुसता दोघा भावांचा आळस.

तुझा काका


२८ ऑक्टोबर

प्रिय काका,

छापखान्यात गेले. तिथल्या म्हाताऱ्या कामगारानं तुमची चौकशी केली आणि मला शाईचे हात लागलेला चहा पाजला. गच्चीवरही चढले. एकशे एकोणचाळीस छपरं, त्यातल्या बावन्नांवर पॅनेलं. खाली उतरले तेव्हा बाई जिन्यात उभ्या. म्हणाल्या, "तुझे काकाही असेच गच्चीवर जायचे. आम्हाला वाटायचं सिगारेट ओढतात."

अंदाज तयार झालाय. गेल्या वर्षीच्या अंदाजात बाटली त्रेचाळीस कोटी होती, यंदाच्या अंदाजात एकेचाळीस. बत्ती तीसची सत्तावीस. आणि बांध एकतीसचा एकोणीस. वही पाहून, वगळायचं ते वगळून. गेल्या वर्षीची बेरीज एकशे चार होती, यंदा सत्त्याऐंशी. लोक पिईनात, जाळीनात आणि मरेनात. सगळे एकदम शहाणे झालेत आणि आपल्या खात्याचं कंबरडं मोडलंय.

बेरीज पंचाण्णवच्या खाली आली की वरून काटछाटीची यादी निघते. तिचा कच्चा मसुदा हिशेबवाल्यांच्या टेबलावर मी ओझरता पाहिला. आधी दोन रस्ते, मग लहान गावांतली डायलिसिस केंद्रं. तुमच्या गावाचं नाव काही दिसलं नाही, तेव्हा तुम्ही घोर लावून घेऊ नका. पण काकूच्या कानावर घालू नका. ती उगीच मनाला लावून घेईल.

तिन्ही आकड्यांवर तुमची नजर फिरवा, खास करून बांधावर. तुमचा होकार आला की मी निर्धास्तपणे फाईल पुढे सरकवते.

तुमची,
टाचणी


२ नोव्हेंबर

टाचणी,

बाटली बरोबर. बत्ती एखाद्या कोटीनं इकडेतिकडे, पण चालेल.

बांधाबद्दल मी काही बोलणार नाही. मला विचारू नकोस.

काकू ठीक आहे. थंडी सुरू झालीय.

काका


११ नोव्हेंबर

काका,

तुमचं चार ओळींचं पत्र आठ दिवस पर्समध्ये घेऊन फिरते आहे. आधी वाटलं बरं नसेल. मग वाटलं मी काही चुकीचं लिहिलं. पहिल्यांदाच तुम्ही मला काही विचारू नकोस म्हणालात, म्हणून मीच शोधायचं ठरवलं. अडकलेल्या जमिनींची वही पुन्हा पहिल्या पानापासून काढली.

आणि मला सापडलं. आता लिहितेच, मग तुम्ही जन्मभर बोलला नाहीत तरी चालेल.

त्या वहीत दोनशे चौदा जमिनींपुढे तुम्ही लाल पेन्सिलीनं "आ.न." लिहिलंय. आकारणी नाही. म्हणजे कर माफ. मी त्या सगळ्या निमूट वगळल्या, कारण तुमच्या हातचं अक्षर मला देवाच्या अक्षरासारखं. पण परवा सत्तेचाळिसाव्या पानावर आजोबांचं शेत दिसलं. आपलं शेत. त्याच्यापुढेही तेच, "आ.न.".

काका, आजोबांची जमीन माफीत बसत नाही. ती चांगली मोठी आहे, विहिरीची आहे. मग ती कशी माफ झाली? आपलं गुंतलंय त्या आकड्याला हात लावायचा नाही, हे तुम्हीच मला लिहिलंत. आणि स्वतःच्या शेतापुढे तुम्हीच ही दोन अक्षरं काढलीत. म्हणून बांधाबद्दल विचारू नकोस म्हणालात ना? एवढंच कारण आहे ना?

मी दोन दिवस ऑफिसात कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही. बाटलीच्या कारकुनानं विचारलं, घरी कुणी आजारी आहे का. मी हो म्हटलं.

आणखी एक. मी तुमच्याशी खोटं बोलले. यादीत तुमच्या गावाचं केंद्र आहे. सहावं नाव. माझ्या आकड्यामुळे ते बंद होणार आणि काकूला आठवड्यातून तीनदा इथे शहरात यावं लागणार, तीन तास येताना, तीन तास जाताना. हे मनात ठेवून मी रोज ती बेरीज करते आणि ती रोज सत्त्याऐंशीच येते. २० तारीख नऊ दिवसांवर आलीय. फक्त एवढं सांगा की मी जे समजते आहे ते खोटं आहे.

टाचणी


१४ नोव्हेंबर

अगं टाचणी,

हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. तो सोमवारी सकाळी तुझ्या टेबलावर आणून ठेवेल. फोन करणार होतो, पण फोन काकूच्या खाटेजवळ आहे.

आकारणी नाही नव्हे. आकारणी नक्की.

तुझं पत्र वाचून आधी संताप आला, मग हसू आलं. मग पायरीवर बसून पुन्हा वाचलं. पोरी, जिथे कर माफ असतो तिथे मी "माफ" लिहितो, दोनच तर अक्षरं आहेत. आणि माफीच्या जमिनी त्या वहीत येतच नाहीत, त्यांची वही वेगळी, निळ्या पाठीची. ही वही पुढच्या वर्षी मुदत संपणाऱ्यांची. वारसांनी सह्या करोत न करोत, मालक जाऊन पाच वर्षं झाली की कर भरावाच लागतो. म्हणून आकारणी नक्की. रकाना बोटभर रुंद, त्यात "आकारणी नक्की" मावायला मी मुंगीच्या पायानं लिहिलं असतं. अठ्ठावीस वर्षं अशा वह्या मी एकटाच वाचत होतो. दुसरं कुणी वाचेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. "सगळं स्वच्छ लिहिलंय" म्हणून वर तुला कळवलंही, त्याची आता लाज वाटते. आजोबांच्या शेताचा कर पुढच्या वर्षी मी आणि तुझा बाबा भरणार आहोत. म्हणूनच त्यापुढे ती दोन अक्षरं आहेत.

आता मी गप्प का बसलो ते ऐक. केंद्रातल्या सिस्टरनं मला २६ ऑक्टोबरलाच सांगितलं होतं की आमचं नाव यादीत आहे. तू लपवलंस, मीही लपवलं, आणि दोघांनी मिळून काकूपासून लपवलं. तुझं पत्र आलं तेव्हा एकोणीस हा आकडा पाहूनच मला खटकलं. बांध कधी पंचविसाच्या खाली उतरलेला मला आठवत नाही. पण एकोणीस कमी आहे असं मला वाटतंय, की तो चुकीचा निघावा अशी माझी इच्छा आहे, हे मला ठरवता येईना. रोज सकाळी कागद घेऊन बसायचो आणि समोर काकूचं केंद्र दिसायचं. अशा माणसानं बोलू नये. मी तुला लिहिलं असतं, "बांध वाढव," तर तू वाढवला असतास, आणि मग तो तुझा अंदाज राहिला नसता, माझी भीक झाली असती. म्हणून विचारू नकोस म्हटलं. त्या चार ओळी लिहायला मला अख्खा दिवस लागला.

तू मला चोर समजलीस, त्याचं वाईट वाटलं. पण सापडलेलं गिळून टाकलं नाहीस, तोंडावर फेकलंस, हे मला फार आवडलं.

आता माझ्या शब्दावर जाऊ नकोस. माझं त्यात गुंतलंय आणि तुझंही. दोनशे चौदा फायली प्रत्यक्ष काढ, दुसऱ्या कुणाकडून तपासून घे आणि बाईंची सही घे. बेरीज चौऱ्याण्णव आली तर चौऱ्याण्णवच लिही. काकूची शपथ आहे.

काका


२४ नोव्हेंबर

काका, काका, काका,

अठ्ठ्याण्णव!

चार दिवस बाटलीचा कारकून आणि मी फायलींच्या खोलीत गाडून घेतलं होतं. मी काढायच्या, त्यानं वाचायच्या. मी एकही वाचली नाही, तुमचा नियम. धुळीनं त्याचा घसा बसला, तेव्हा तो बोटांनी आकडे दाखवायला लागला. दोनशे चौदापैकी दोनशे नऊ फायलींवर कर नक्की. पाचांत तुमची चूक निघाली, जमीन आधीच सरकारी रस्त्यात गेली होती. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पाच चुका? म्हणजे माणूसच होता म्हणायचा." मग चष्मा पुसून सगळ्या दोनशे नऊ फायली पुन्हा स्वतः पाहिल्या आणि सही केली. मी त्यांना सगळं सांगून टाकलं होतं, केंद्र, काकू, शेत, माझा उद्दामपणा, सगळं. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या.

बांध एकोणिसाचा तीस झाला. बेरीज अठ्ठ्याण्णव. २० तारखेला फाईल वर गेली आणि काल दुपारी हिशेबवाले येऊन सांगून गेले की यंदा यादी निघत नाही. निघत नाही! जीव भांड्यात पडला म्हणतात तो पडला, आणि भांडं घेऊन मी फायलींच्या खोलीत गेले आणि मनसोक्त रडले. बाटलीचा कारकून दाराबाहेर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, आत झुरळांचं औषध मारलंय.

काका, मी तुम्हाला काय काय लिहिलं ते आठवून अंगावर काटा येतो. पाया पडायला तोंड नाही, तरी येत्या रविवारनंतर येईन. बाबांनाही धरून आणते, सहीला. त्यांना म्हटलं, आता आळस केलात तर तुमच्या भावाला पुन्हा कुणीतरी चोर म्हणेल. ते म्हणाले, "त्याला चोर म्हणणारी कोण ती?" मी विषय बदलला.

वहीच्या पहिल्या पानावर मी ठळक लिहून ठेवलंय, आ.न. म्हणजे काय. माझ्यानंतर जी बसेल तिच्या काकांवर ही वेळ यायला नको.

काकूला आता सांगा. हसवून सांगा.

तुमची,
टाचणी


२९ नोव्हेंबर

लाडके टाचणी,

तुझ्या काकानं मला काल हसवून सांगितलं. मी हसलेही. पण तुम्हा दोघांना एक गोष्ट माहीत असलेली बरी, म्हणून आज लिहायला बसले आहे.

मला ऑक्टोबरपासून सगळं माहीत होतं. सिस्टरनं तुझ्या काकाला सांगण्याआधी मला सांगितलं होतं. आणि तुझी पत्रं तो बुटांच्या खोक्यात लपवतो. या घरात बुटांना पॉलिश कोण करतं, हे चौतीस वर्षांत त्याला कळलेलं नाही. तू त्याला चोर म्हणालीस ते वाचून मला इतका राग आला की पॉलिशची डबी भिंतीवर आपटली. डाग अजून आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, हे काय. मी म्हटलं, ओल आलीय.

एवढं माहीत असून मी गप्प का राहिले, ते आता सांगते, कारण आता सांगायला हरकत नाही. केंद्र बंद झालं असतं तर मी शहरात येणार नव्हते. तीन तास येताना, तीन तास जाताना, मधे चार तास मशीनवर, असं आठवड्यातून तीनदा, आणि प्रत्येक वेळी हा म्हातारा शेजारी. रस्त्यातच त्याचे गुडघे संपले असते. मी मनाशी ठरवलं होतं की घरीच बसायचं. किती दिवस मिळतील ते सिस्टरला विचारलं. तिनं नुसता माझा हात धरून ठेवला, म्हणून समजलं. माझी मी तयार होते. खोटं नाही लिहीत. फक्त त्याला कसं सांगायचं ते सुचत नव्हतं. तो कागद घेऊन बसला की त्याच्या पाठीकडे बघायचे आणि शब्द जुळवायचे.

तू रागावून ते पत्र लिहिलं नसतंस, तर ते शब्द मला आज ना उद्या बोलावे लागले असते. आता ते बोलायची गरज नाही, पण मी बोलणार आहे. तो बाहेर पायरीवर उन्हात बसलाय. हे पाकीट चिकटवते आणि त्याला सांगायला जाते. आधी भडकेल, मग रडेल, मग मला चार पेल्यांच्या वर पाचवा पेला देईल. बघतेच.

उद्या सोमवार. सकाळी सातला दोन नंबरची खुर्ची माझी.

तुझी काकू